उतरता क्रम

चांदिवलीत, साकी विहार रोडच्या मागच्या गल्लीत
दुसऱ्या मजल्यावर अठरा अंशांवर ठेवलेली खोली.
रात्रीचे सव्वाबारा. माझ्या अंगात स्वेटर,
तो मे महिन्यातही दोरीवर वाळत असतो
आणि शेजारच्या मेबलबाई विचारतात,
काय गं, कुठे थंडी पडली?

आज पुढे जायचं नाही.
नवी आवृत्ती चढवून आठ दिवस झाले
आणि सोमवारपासून ती वाचताना अडखळते.
घाटकोपरच्या एका दवाखान्यात
स्तनाच्या तपासणीचा फोटो उघडायला चार मिनिटं,
कधी सहा.
तेवढा वेळ समोर एक बाई
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसत असेल.
मी तिला पाहिलेलं नाही. मला फक्त आकडा दिसतो.

सबीना मुकादम म्हणते, चढलो तसंच उतरायचं, पण उलट.
कुर्ल्याला तिच्या इमारतीला रंग लागत होता तेव्हा
परांचीवाल्यांना तिनं महिनाभर गॅलरीतून पाहिलं.
शेवटी बांधलेला बांबू आधी सुटतो.
ज्यावर उभे आहात त्याची गाठ सोडायची नाही.
"आपलं शास्त्र एवढंच. बाकी कागद."

कागद मात्र आहेत. एकशे चौदा ओळी,
प्रत्येकीपुढे रिकामा चौकोन, पेन्सिलीनं भरायचा.
पहिली ओळ:
सगळ्यांना कळवा, आज कोणी उठून गेलं
तर त्याला मेलेलं समजू नका.
हे यंत्रांसाठी लिहिलंय.
मी दोनदा वाचलं.

प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, तीन वेगळ्या कपाटांत.
एक कपाट झोपवायचं, जुने कपडे चढवायचे, उठवायचं,
आणि थांबायचं.
मधल्या वेळात काय काय आलं
ते बाकीची कपाटं त्याला तुकड्यातुकड्यानं सांगतात,
पडद्यावरचं पिवळं सावकाश हिरवं होतं
आणि थोडंसंच पिवळं उरलं की हात शिवशिवतात.
निमेश पागधरे, पहिलीच रात्रपाळी,
म्हणाला, एकदम दोन घेऊ या का?
सबीनानं वेफर्सची पुडी त्याच्याकडे सरकवली.

सातव्या कपाटानं नकार दिला.
ही अक्षरं मला येत नाहीत, असं काहीसं,
लाल ओळीत.
खोलीत पंख्यांचा आवाज आधीपासून होता,
तेव्हा तो मला ऐकू आला.

बुधवारी मीच त्यावर नवी घडी घालून पाहिली होती,
एकट्या त्याच्यावर, गंमत म्हणून,
आणि नोंद केली नव्हती.
सांगितलं. सबीना म्हणाली, बरं.
मग रिकामं कर, पूस, आणि इतरांकडून पुन्हा लिहून घे.
दोन तास चाळीस मिनिटं.

त्या दोन तासांत आठवलं,
चढताना शेवटची आज्ञा मी टाइप केली होती:
आता परत फिरणं नाही, पक्कं करा.
कळ दाबणार तेवढ्यात ती म्हणाली, राहू दे पंधरा दिवस.
दार ओढून घे, कडी नको लावू.
मी चिडले होते. तीन मीटिंगांमध्ये
काम नव्याण्णव टक्क्यांवर का अडलंय
याची उत्तरं मलाच द्यावी लागली.
कडी लावली असती तर सातवंच काय,
एकही कपाट आज उतरलं नसतं.

सात वाजून दहा. घाटकोपरला पहिला फोटो उघडला.
दोन सेकंद.
परत आल्याचे पेढे कोणी वाटत नाही.
चहाचे कागदी कप एकात एक घालून मी टोपलीत टाकले.

एकशे चौदावी ओळ:
पहिली सूचना मागे घ्या.
यापुढे जो दिसणार नाही, तो गेला असं धरा.
निमेशचं बोट कळीवर होतं.
सबीना तोंड धुवायला गेली होती,
तिची शाल खुर्चीवरून अर्धी खाली आलेली.
त्यानं खुर्चीकडे पाहिलं
आणि बोट उचललं.